घरचा तोफखाना

चाळिशी आली की नवऱ्यांना काहीतरी होतं. कुणी मॅरेथॉन धावायला लागतो, कुणी घरी ब्रेड भाजतो. आमच्या ह्यांनी इथल्या, म्हणजे इंग्लंडच्या, आर्मी रिझर्व्हच्या तोफखान्यात नाव घातलं. एरवी सॉफ्टवेअर, मंगळवारी संध्याकाळी ड्रिल, अधूनमधून शनिवार-रविवार आणि वर्षातून एकदा पंधरा दिवसांचा कॅम्प. वर्षाचे २७ दिवस भरले आणि चाचण्या पास झाल्या की करमुक्त बाउंटी, म्हणजे बक्षिसाची रक्कम. दिवस हे भरतात, चिखलाचे कपडे मी धुते. बाउंटीच्या वाटणीवर अजून बोलणी चालू आहेत.

साताऱ्याला सासऱ्यांची छाती फुगली. व्हिडिओ कॉलवर पहिला प्रश्न, "पोस्टिंग कुठं?"

"वेल्समध्ये, सेनीब्रिजला. फायरिंग असतं."

"तिथं दुश्मन कोण?"

"पाऊस," हे म्हणाले. आवाजात अनुभव होता.

ही स्वयंसेवकांची फौज १९०८ साली टेरिटोरियल फोर्स म्हणून बांधली गेली, तेव्हापासून तिचा मामला असाच: तोफेमागं एक प्लंबर, एक शाळामास्तर, एक लॉरीवाला आणि आता आमचे हे. तोफ १०५ मिलिमीटरची. नाव लाइट गन, वजन पावणेदोन टनांच्या वर. पंधरा किलोंहून जड गोळे हे तिथं हसत उचलतात. इथं गाडीतून दहा किलोंचा आटा आणायचा म्हटलं की कंबरेत उसण भरते. बुटांचं तेच. ओल्या फडक्यानं बारीक गोल गोल पॉलिश चढवत बसतात, टोकात चेहरा दिसेपर्यंत. बाथरूमच्या आरशात चेहरा दिसत नाही, त्याचं काही नाही.

पायदळाला निशाण असतं, तोफखान्याला नसतं. तोफ हेच त्यांचं निशाण, मानही तोच. हे सासूबाईंना कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. ड्रिल हॉलवरचा फॅमिली डे नेमका खंडेनवमीच्या सुमारास आला आणि त्यांनी पर्समधून हळदीकुंकवाची डबी काढली. मी घामाघूम. धिप्पाड सार्जंटनं डबी निरखली, तोफेकडं पाहिलं आणि विचारलं, "पुसलं जाईल ना?" मग टोपी नीट करून बाजूला उभा राहिला. वर आपल्या संत बार्बराची गोष्टही सांगितली: बापानंच तिचा शिरच्छेद केला आणि त्याच्यावर वीज कोसळली, म्हणून ती तोफा डागणाऱ्यांची रक्षणकर्ती, ४ डिसेंबर तिचा दिवस. "मग देवीच की," म्हणत सासूबाईंनी आणखी एक बोट लावलं.

नाताळच्या जेवणाला मात्र तिथं उलटी गंगा. अधिकारी वाढतात, शिपाई जेवतात. मेजरसाहेबांनी स्वतःच्या हातानं स्प्राउट्स, म्हणजे इथले चिमुकले कोबी, वाढले, हे ऐकून ऐकून माझे कान किटले. नुकतेच हे लान्स बॉम्बार्डियर झाले, म्हणजे साध्या शिपायाच्या वरची पहिली पायरी, बाहीवर एक फीत. त्याच रात्री मी जाहीर केलं, की या घरात सगळ्यात खालची रँक माझी.

वरण जरा पातळ झालं होतं.