वाय-फायचे चिन्ह गेले म्हणजे ड्रायव्हर गेला, हे खरे नाही

लिनक्स वापरणाऱ्यांमध्ये एक छोटेसे टिपण हातोहात फिरत असते. त्याचा मजकूर थोड्याफार फरकाने असा असतो: पडद्याच्या कोपऱ्यातले वाय-फायचे चिन्ह दिसेनासे झाले, तर वाय-फायचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा कार्यक्रम) गेला असे समजावे, चिन्हावर प्रश्नचिन्ह उमटले, तर कार्डाचे आणि राउटरचे जुळत नाही, रेंजच्या सगळ्या काड्या भरलेल्या असूनही इंटरनेट संथ असेल, तर दोष सेवा पुरवणाऱ्या कंपनीचा, चिन्ह परत आणण्यासाठी आधी वाय-फायची वीजबचत बंद करावी, आणि तेवढ्याने भागले नाही तर नेटवर्कमॅनेजर काढून टाकून पुन्हा बसवावा. पाच वाक्यांत निदान आणि उपचार दोन्ही उरकत असल्यामुळे हे टिपण लोकप्रिय झाले असावे. त्यातले एकही वाक्य जसेच्या तसे टिकत नाही, आणि शेवटचे तर चालू असलेले यंत्र बंद पाडू शकते. म्हणून ते क्रमाने तपासणे आवश्यक वाटते.

पहिला मुद्दा चिन्ह आणि ड्रायव्हर यांच्या नात्याचा आहे. कोपऱ्यातले चिन्ह ड्रायव्हर काढत नाही, कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, काढत नाही, आणि नेटवर्कमॅनेजरही काढत नाही. जोडणी सांभाळणारा नेटवर्कमॅनेजर ही पार्श्वभूमीत चालणारी सेवा आहे. रेड हॅटने २००४ साली हा प्रकल्प सुरू केला आणि आज बहुतेक डेस्कटॉप वितरणांत, म्हणजे लिनक्सच्या तयार संचांत, तोच असतो. ही सेवा आपली स्थिती डी-बस या संदेशवाहिनीवर उपलब्ध करून देते आणि ज्याला ती दाखवायची असेल तो कार्यक्रम ती तिथून वाचतो. एक्सएफसीई आणि मेट यांसारख्या डेस्कटॉपवर हे वाचण्याचे काम सहसा एनएम-ॲप्लेट नावाचा वेगळा छोटा कार्यक्रम करतो, ग्नोममध्ये ते ग्नोम शेलच्याच पोटात आहे, केडीई प्लाझ्मा आणि सिनॅमन यांचे आपापले दर्शक आहेत. त्यामुळे एकाच यंत्रावर, एकाच ड्रायव्हरवर, एका डेस्कटॉपमध्ये चिन्ह दिसते आणि दुसऱ्यात दिसत नाही, असे सहज घडू शकते.

याची खात्री कोणालाही दोन मिनिटांत करून घेता येते. एखादी मोठी फाइल उतरवायला लावावी आणि ते चालू असतानाच एनएम-ॲप्लेट बंद करावा. चिन्ह नाहीसे होते आणि फाइल मात्र उतरत राहते. येथे एक बारीक अपवाद नोंदवला पाहिजे: वाय-फायचा पासवर्ड सर्व वापरकर्त्यांसाठी न साठवता एकाच वापरकर्त्याच्या की-रिंगमध्ये (पासवर्डच्या खासगी साठ्यात) ठेवला असेल, तर तो नेटवर्कमॅनेजरला पुरवण्याचे कामही हाच ॲप्लेट करतो, म्हणून पुढच्या वेळी जोडणी नव्याने करताना ती अडू शकते. पण चालू जोडणीला त्याने धक्का लागत नाही.

चिन्ह न दिसण्याची कारणे म्हणूनच बहुधा पॅनेलच्या, म्हणजे चिन्हे बसतात त्या पट्टीच्या, बाजूला सापडतात. जुन्या पद्धतीत, म्हणजे एक्स-एम्बेड पद्धतीत, प्रत्येक पडद्यामागे ट्रेचा, म्हणजे पॅनेलमधल्या चिन्हांच्या जागेचा, मालक एकच असतो. दोन पॅनेल चालू असतील किंवा पॅनेल कोसळून पुन्हा उभे राहिले असेल, तर ॲप्लेटचे चिन्ह कुठेच न बसता लटकत राहू शकते. नव्या पद्धतीत चिन्हाची माहिती डी-बसवरूनच पॅनेलकडे जाते, आणि एनएम-ॲप्लेटला त्या पद्धतीने चालवायचे तर 'इंडिकेटर' हा पर्याय देऊन सुरू करावे लागते; वेलँड या नव्या पडदा-व्यवस्थेवर एक्स-एम्बेडची सोय मुळातच नसल्यामुळे तिथे हा फरक विशेष जाणवतो. ज्यांनी आयथ्री किंवा स्वेसारखी केवळ खिडक्यांची मांडणी करणारी साधने निवडली आहेत, त्यांच्याकडे तर पूर्ण डेस्कटॉपप्रमाणे स्वयंप्रारंभाच्या फाइली आपोआप चालवल्या जात नाहीत, म्हणजे ॲप्लेट सुरूच झालेला नसू शकतो. कधी निवडलेल्या आयकॉन थीममध्ये लागणारी चित्रेच नसतात आणि जागा रिकामी किंवा तुटक्या चित्राची दिसते. आणि कधी कारण इतके साधे असते की सांगतानाही संकोच वाटावा: केबल जोडलेली असते, मुख्य जोडणी केबलची झालेली असते, आणि दर्शक प्रामाणिकपणे वाय-फायच्या जागी केबलचे चिन्ह दाखवत असतो.

मग ड्रायव्हरवर संशय कधी घ्यावा? त्यासाठी चिन्हाकडे न पाहता नेटवर्कमॅनेजरलाच विचारावे. टर्मिनलमध्ये 'एनएमसीएलआय डिव्हाइस' ही आज्ञा दिली की यंत्रातील प्रत्येक जाळे-उपकरण आणि त्याची स्थिती यांची यादी समोर येते. वाय-फायच्या ओळीत 'कनेक्टेड' असेल, तर जोडणी निरोगी असून बिघाड फक्त चित्रात आहे. अशा वेळी पॅनेल पुन्हा सुरू करावे, किंवा चालू ॲप्लेट बंद करून तो टर्मिनलमधूनच सुरू करावा आणि तो काय तक्रार करतो ते वाचावे. 'डिसकनेक्टेड' असेल, तर उपकरण तयार आहे, फक्त कोणत्या जाळ्याला जोडायचे ते ठरलेले नाही. 'अनअव्हेलेबल' हा शब्द आला तर आधी आरएफकिल या रेडिओ चालू-बंद करणाऱ्या साधनाची यादी पाहावी, कारण रेडिओ एखाद्या कळीने किंवा बटणाने बंद केलेला असू शकतो: सॉफ्ट ब्लॉक आज्ञेने निघतो, हार्ड ब्लॉक मात्र यंत्रावरच्या बटणाशिवाय किंवा कळीशिवाय सहसा निघत नाही. रेडिओ मोकळा असूनही हीच स्थिती राहिली, तर फर्मवेअरची (कार्डात भरायच्या कार्यक्रमाची) फाइल सापडली नसल्याची नोंद कर्नलच्या लॉगमध्ये शोधावी.

यांपैकी सर्वांत फसवी स्थिती 'अनमॅनेज्ड' ही आहे. तिचा अर्थ असा की उपकरण आहे, ड्रायव्हर आहे, सगळे काही आहे, परंतु त्याला हात लावू नये असे नेटवर्कमॅनेजरला कोणीतरी सांगून ठेवले आहे. डेबियन या वितरणात याचे नेहमीचे कारण म्हणजे नेटवर्कच्या जुन्या 'इंटरफेसेस' फाइलमध्ये त्या उपकरणाचे नाव लिहिलेले असणे. तिथे नाव आढळले की नेटवर्कमॅनेजर ते उपकरण दुसऱ्याच्या ताब्यातले मानतो. उबुंटूमध्ये नेटवर्कची मांडणी ठरवणाऱ्या नेटप्लॅनच्या फाइलीत उपकरणाची जबाबदारी सिस्टमडी-नेटवर्कडी या दुसऱ्या सेवेकडे दिलेली असेल, तरी परिणाम तोच होतो. गंमत अशी की अशा यंत्रावर इंटरनेट नीट चालू असते आणि वापरकर्ता मात्र चिन्ह नाही म्हणून ड्रायव्हर शोधत हिंडत असतो. टिपणातले पहिले वाक्य खऱ्या अर्थाने लागू पडते ते फक्त तेव्हा, जेव्हा या यादीत वाय-फायची ओळच नसते. तिकडे शेवटी येऊ.

प्रश्नचिन्हाविषयीचे दुसरे वाक्य त्याहूनही दूर भरकटलेले आहे. कार्ड आणि राउटर यांचे जुळत नसते, तर जोडणीच झाली नसती आणि चिन्हावर प्रश्न विचारण्याची वेळच आली नसती. प्रश्नचिन्हाचा अर्थ असा असतो की राउटरपर्यंतची जोडणी झालेली आहे, पण त्यापलीकडे इंटरनेट आहे की नाही याची खात्री पटलेली नाही. ही खात्री करण्यासाठी नेटवर्कमॅनेजर एका ठरलेल्या पत्त्यावरून एक लहानसे पान मागवतो आणि अपेक्षित उत्तर आले का ते पाहतो. पत्ता सहसा वितरण ठरवते. मूळ मांडणीत ही तपासणी दर ३०० सेकंदांनी होते. ती मुद्दाम साध्या, कूटबद्ध नसलेल्या एचटीटीपीवरून केली जाते, कारण सार्वजनिक ठिकाणच्या वाय-फायवर लॉगिनचे पान मध्ये आडवे येत असेल, तर ते त्या मागणीला स्वतःचे उत्तर देते आणि त्यावरूनच त्याचा सुगावा लागतो.

ही यंत्रणा समजली की प्रश्नचिन्हाची बहुतेक कोडी सुटतात. जाहिराती रोखण्यासाठी लावलेल्या डीएनएसने (संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेने) तपासणीचा पत्ताच अडवला असेल, कार्यालयातील जाळे प्रॉक्सी या मध्यस्थ सर्व्हरशिवाय काहीही बाहेर सोडत नसेल, किंवा तपासणीचे पान देणारा सर्व्हरच काही काळ बंद असेल, तर ब्राउझर नीट चालत असतानाही प्रश्नचिन्ह उमटते. उलट बाजूने, तपासणी बंदच करून ठेवली असेल तर राउटरच्या पलीकडे काहीही नसताना चिन्ह स्वच्छ दिसू शकते. 'एनएमसीएलआय नेटवर्किंग कनेक्टिव्हिटी चेक' ही आज्ञा तपासणी त्याच क्षणी करायला लावते आणि नन, पोर्टल, लिमिटेड, फुल किंवा अननोन यांपैकी एका शब्दात उत्तर देते. 'पोर्टल' आले तर ब्राउझर उघडून कोणतेही एचटीटीपीचे पान मागवावे आणि लॉगिन करावे. 'लिमिटेड' आले आणि तरीही संकेतस्थळे उघडत असतील, तर आपल्या डीएनएसकडे आणि प्रॉक्सीकडे पाहावे. या दोन्ही प्रकरणांत कार्डाला दोष देण्यासारखे काहीच नसते, आणि एवढ्यासाठी नवे यूएसबी कार्ड विकत घेणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

तिसरे वाक्य काड्यांचे. भरलेल्या काड्या म्हणजे राउटरकडून आपल्यापर्यंत येणाऱ्या लहरी जोरकस आहेत, इतकेच. आपल्या यंत्राचा तुलनेने दुबळा आवाज राउटरला कितपत ऐकू जातो, त्याच वाहिनीवर आणखी किती जण बोलत आहेत, आणि गोंगाट किती आहे, यांपैकी काहीही त्या काड्या सांगत नाहीत. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकींवर न चढणाऱ्या वाहिन्या नेहमीच्या मांडणीत तीनच, १, ६ आणि ११. शेजारच्या राउटरांनी त्या भरून गेल्या असतील, तर काड्या पूर्ण आणि वेग रखडलेला हे दृश्य अगदी स्वाभाविक आहे. शिवाय काड्यांचे माप सार्वत्रिक नाही. एनएम-ॲप्लेट ताकदीच्या टक्केवारीला ५, ३०, ५५ आणि ८० या सीमांवर कापतो, तर अलीकडच्या ग्नोम शेलच्या सीमा २०, ४०, ५० आणि ८० अशा आहेत. म्हणजे ५२ टक्क्यांची तीच रेंज एकीकडे निम्मी दिसते आणि दुसरीकडे चांगली. डेस्कटॉप बदलल्यावर रेंज सुधारली असे सांगणारे लोक खोटे बोलत नसतात. त्यांची मोजपट्टी बदललेली असते.

दोष कंपनीचा की घरातल्या रेडिओचा हे ठरवण्याची पद्धत मात्र सोपी आहे. आधी राउटरच्याच पत्त्यावर काही मिनिटे पिंग करावे, म्हणजे छोटे संदेश पाठवून उत्तरे पाहावीत. तिथेच उत्तरे गळत असतील किंवा वेळ मोठ्या फरकाने वरखाली होत असेल, तर दोष राउटरच्या अलीकडे आहे, आणि वाहिनी बदलणे किंवा ५ गिगाहर्ट्झवर जाणे हा विचार करावा. तो टप्पा निर्मळ असेल, तेव्हाच कंपनीला फोन करण्यात अर्थ आहे. 'आयडब्ल्यू' या साधनातून सिग्नलचा खरा आकडा डीबीएम या शक्तीच्या मापात मिळतो. तो उणे असतो आणि दर १० अंकांच्या घसरणीला शक्ती एक दशांश होते, हे ध्यानात ठेवले तर उणे ६० आणि उणे ७० यांतले अंतर काड्यांवरून वाटते त्यापेक्षा किती मोठे आहे ते कळते.

वीजबचतीविषयी फार लिहिण्याची गरज नाही. ती बंद केल्याने काही कार्डांवर उत्तराला लागणारा वेळ कमी होतो किंवा अधूनमधून तुटणारी जोडणी स्थिर होते, हे खरे आहे. चिन्ह दिसण्याशी तिचा संबंध नाही. ज्यांचे चिन्ह वीजबचत बंद केल्यावर परत आले, त्यांनी बदल लागू करण्यासाठी यंत्रही रीस्टार्ट केले असणार, आणि रीस्टार्टबरोबर पॅनेलही नव्याने सुरू झाले असणार.

आता शेवटचा उपचार. नेटवर्कमॅनेजर काढून टाकताच त्याची सेवा थांबते आणि वाय-फाय तुटते. मग तो पुन्हा बसवण्यासाठी पॅकेज उतरवायचे कशावरून? मी स्वतः एकदा हा सल्ला मुकाट्याने पाळला होता. फोन यूएसबीने जोडून त्याचे इंटरनेट घेऊ अशी माझी कल्पना होती, पण फोनचे उपकरण यादीत दिसूनही त्याला पत्ता मिळवून देणारे कोणीच यंत्रात उरले नव्हते, आणि डीएचसीपीचा क्लायंट (राउटरकडे किंवा फोनकडे पत्ता मागणारा कार्यक्रम) हाताने चालवल्यानंतरच गाडी पुढे सरकली. पुन्हा बसवायचेच असेल तर 'रीइन्स्टॉल' हा पर्याय वापरावा, कारण तो आधी पॅकेज उतरवून घेतो आणि मग जुन्यावर बसवतो. पण त्यातून साधायचे काय? डेबियनच्या पद्धतीत हाताने बदललेल्या मांडणीच्या फाइली पुन्हा बसवताना तशाच राखल्या जातात, म्हणजे 'अनमॅनेज्ड' करणारी ओळ जागच्या जागी राहते. आणि चिन्ह काढणारा ॲप्लेट वेगळ्या पॅकेजमध्ये किंवा डेस्कटॉपच्याच पोटात असल्यामुळे, ज्या कार्यक्रमावर संशय आहे त्याला या उपचाराचा स्पर्शही होत नाही.

राहिले ते प्रकरण ज्यात टिपणाचे निदान बरोबर असते. कर्नलचे अद्ययावतीकरण झाले, यंत्र रीस्टार्ट झाले, आणि यादीतून वाय-फायची ओळच गेली, तर ड्रायव्हर खरोखर गेलेला असू शकतो. कर्नलमध्येच असलेल्या ड्रायव्हरांबाबत हे क्वचित घडते. कर्नलबाहेरचा, डीकेएमएस या प्रत्येक कर्नलसाठी ड्रायव्हर नव्याने बांधणाऱ्या साधनामार्फत बांधलेला ड्रायव्हर असेल तर नव्या कर्नलसाठी तो बांधलाच गेला नसण्याची शक्यता मोठी असते. डीकेएमएसची स्थिती विचारली की कोणत्या कर्नलसाठी काय बांधले आहे ते लगेच दिसते. तो बांधला गेला असूनही चढत नसेल, तर सिक्युअर बूट (सही नसलेले कार्यक्रम अडवणारी सोय) चालू आहे का आणि ड्रायव्हरच्या मॉड्यूलवर मान्य सही आहे का ते पाहावे. तोवर यंत्र सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या मेनूतून आधीचा कर्नल निवडून यंत्र सुरू करावे: त्या कर्नलसाठी बांधलेला ड्रायव्हर अजून डिस्कवर असतो, वाय-फाय परत येते, आणि नव्या कर्नलचे हेडर (ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या फाइली) उतरवून ड्रायव्हर पुन्हा बांधण्यापुरते इंटरनेट हाताशी राहते. नेटवर्कमॅनेजर तोपर्यंत काढून टाकलेला नसेल, तर.