समाचाराला जाताना

शेजारचे नाना न्हाणीघरात घसरून पडले आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं, असं तुमच्या कानावर आलं तर एक पथ्य पाळा. धावत जाऊ नका. धावत जाणाऱ्याच्या हातात लोक काहीतरी उचलायला देतात. नानांचे पाय, स्ट्रेचरचं टोक, नाहीतर रुग्णालयाची फाइल. हात असे अडकले की सहानुभूती नीट व्यक्त होत नाही. रुग्णवाहिका कोपऱ्यावरून वळली की सावकाश चपला घालून बाहेर यावं आणि जमलेल्यांना विचारावं, "कसं झालं हो?"

उत्तर नीट ऐकून घ्यावं, कारण पुढे आठ दिवस तुम्हालाच ते सांगत फिरायचं आहे. फरशी कुठली होती, साबण सांडला होता का, नाना लेंग्यात होते की टॉवेलवर. आणि काकू त्या वेळी कुठे होत्या? हे मात्र विचारलंच पाहिजे. कुणाच्या तरी माथी दोष बसल्याशिवाय आपल्याकडे कुठलंही दुःख पुरतं होत नाही.

मग घरी येऊन ग्रुप उघडावा. आपल्या इंदुरात रामबागेपासून सुदामा नगरपर्यंत जिथे चार मराठी घरं आहेत तिथे एक ग्रुप आहे. त्यावर जोडलेले हात टाकावेत. घाईत एखादा 'ॐ शांती' टाकून बसतो, चूक कळल्यावर काढूनही टाकतो, पण तोवर नानांच्या पुण्याच्या मुलीनं ते वाचलेलं असतं आणि ती फोनवर रडत असते. एवढी घाई करू नये. जोडलेले हात दोन्ही प्रसंगांना चालतात, म्हणून तेच बरे.

ग्रुपचा खरा फायदा वेगळाच आहे, आणि तो शास्त्रानं सिद्ध झालेला आहे. जॉन डार्ली आणि बिब लाताने या दोन मानसशास्त्रज्ञांनी न्यूयॉर्कमध्ये केलेला एक प्रयोग १९६८ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून इंटरकॉमवरून बोलायला लावलं आणि मध्येच एकाला झटका आल्याचा आवाज ऐकवला. हे आपण एकटेच ऐकतोय असं ज्यांना वाटलं, त्यांच्यातले ८५ टक्के तो झटका ओसरायच्या आत मदत मागायला उठले. आणखी चौघं ऐकताहेत असं वाटलं तेव्हा उठले फक्त ३१ टक्के. चौघांनी एवढं काम केलं! तुमच्या ग्रुपवर दोनशे माणसं आहेत. निर्धास्त झोपा.

ग्रुपवर 'तातडीनं रक्त हवंय' असं आलं तर रुग्णालय कोणतं आणि तारीख कधीची, हे न बघता पुढे ढकलावं. नियम मात्र पाठ असू द्यावेत. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, आणि दोन रक्तदानांत पुरुषांना ९० दिवसांचं, बायकांना १२० दिवसांचं अंतर. हे दुसऱ्याला सुनवायला फार उपयोगी पडतात. स्वतःवर आलं तर त्या दिवशी उपास असतो.

आता प्रत्यक्ष समाचार. शस्त्रक्रिया होऊन नाना घरी आले, की पहिल्या दोन दिवसांत जावं. उशीर केला तर ते बरे व्हायला लागतात. एकट्यानं जाऊ नये. सहा-सात जण मिळून जावं, म्हणजे खोलीत दाटी होते आणि आपुलकी दिसते. वेळ सकाळी नऊची उत्तम, कारण तेव्हा नानांना पुसून घेण्याचं काम चाललेलं असतं. दार उघडायला काकूंना ओल्या हातानं यावं लागलं म्हणजे आपण नेमके वेळेवर आलो, असं समजावं.

रिकाम्या हातानं जाणं इंदुरात शोभत नाही. थंडीचे दिवस असतील तर सराफा बाजारातले गराडू न्यावेत, म्हणजे कंदाच्या तळलेल्या फोडी. तुपात तळलेले, वर सढळ हातानं भुरभुरलेला जीरावन हा खारट मसाला. नानांना रक्तदाब आहे, हे माहीत असेलच. तरी एक फोड त्यांच्या तोंडाजवळ धरून म्हणावं, "एकानं काय होतंय?" ते नको म्हणतील. मग ती फोड वाया जाऊ नये म्हणून आपणच खावी, आणि बाकीच्याही.

या सगळ्यात कौशल्याचा भाग पुढेच आहे. बसता बसता मोठ्यानं म्हणावं, "काकू, तुम्ही अगदी काही म्हणजे काही करू नका हं." थोडं थांबून, सोफ्यावर आणखी मागे रेलून, पुन्हा म्हणावं. तिसऱ्यांदा म्हणेपर्यंत आत कढईचा आवाज यायला हवा. आला नाही तर आधीची दोन वाक्यं पुरेशा प्रेमानं म्हटली नव्हती, असं समजून सूर सुधारावा. इंदूरच्या घरातून माणूस पोहे न खाता उठत नाही, हे काकूंना लग्न होऊन इथे आल्यापासून ठाऊक आहे. नवऱ्याचा पाय मोडल्यानं रिवाज मोडत नाही. सात बश्या येतील. वर बारीक शेव, कांदा, लिंबाची फोड. ज्या बाईनं रात्रभर दर दोन तासांनी उठून नवऱ्याची कूस बदलली, तिच्या हातून मीठ जरा जास्त पडतं. ते बोलून दाखवू नये, तेवढी माणुसकी ठेवावी. नुसतं पाणी मागावं. मग चहा. चहात साखर कुणाला किती, हे सातही जणांनी वेगवेगळं सांगावं.

(दर दोन तासांनी कूस का बदलायची, तर एकाच जागी पडून राहिलं की पाठीला आणि ढुंगणाला जखमा होतात आणि त्या मोडलेल्या हाडापेक्षा वाईट. ही माहिती काकूंना डॉक्टरांनी दिलेलीच आहे. तरी तुम्ही पुन्हा द्या. रात्री कोण उठणार, हा विषय मात्र टाळा.)

पोहे होईपर्यंत नानांशी बोलायचं असतं. बोलायचं म्हणजे स्वतःबद्दल. तुमच्या गुडघ्यापासून सुरुवात करा. मग मावसभावाचा खुबा: "अगदी अस्संच पडला होता. ऑपरेशन छान झालं. सगळं छान होतं. आणि एकविसाव्या दिवशी..." इथे थांबून पंख्याकडे बघावं. मग डॉक्टर कोण, ते विचारावं. नाव कुठलंही येवो, किंचित भुवई उंचावून "अच्छा, त्यांच्याकडे केलंत," एवढंच म्हणावं. बरोबरचा कुणीतरी "मुंबईला न्यायला हवं होतं" म्हणेलच. हाडात खिळे ठोकून झाल्यावर या सल्ल्याला जी धार येते, ती आधी येत नाही.

मुलांची चौकशी राहिलीच. मुलगी पुण्याला, मुलगा बंगळुरूला, ही इंदूरच्या मराठी घरांची आता ठरलेली वाटणी आहे. तुमचीही तीच आहे. तरीसुद्धा विचारावं, "मुलगा आला होता ना?" काकू म्हणतील, आठ दिवस राहून गेला, सुट्टी नव्हती. त्यावर म्हणावं, "आठच?" नाना झोपले असतील तर हे जरा मोठ्यानं.

निघताना दारात, एक चप्पल पायात आणि एक बाहेर अशा अवस्थेत, ते वाक्य म्हणायचं: "काही लागलं तर नि:संकोच सांगा." सबंध मराठी भाषेत इतकं सुरक्षित वाक्य दुसरं नाही. ऐकणारा संकोच करणार, याची हमी त्या 'नि:संकोच'मध्येच आहे. फक्त त्यात काय, कधी आणि किती वाजता, हे येऊ देऊ नका. "उद्या चार ते सहा मी बसतो नानांजवळ, तुम्ही झोपा," असं बोलणारी माणसं आहेत. त्यांच्यावर खरोखर जाऊन बसायची वेळ येते.

शंभरात एखादी काकू निघते जी सांगते. म्हणते, "नोव्हेंबर संपत आला, यांचा हयातीचा दाखला बँकेत द्यायचाय, नाहीतर पेन्शन अडकेल. यांना कसं नेऊ?" गांगरू नका. तुम्हाला पक्कं ठाऊक आहे की हा दाखला आता मोबाइलवर निघतो. २०२१ च्या नोव्हेंबरपासून जीवन प्रमाणच्या ॲपमध्ये नुसता चेहरा दाखवून काम होतं, आधार आणि पेन्शनचा नंबर हाताशी असला की झालं. तुमच्या खिशातल्या फोनवर, नाना पडल्या पडल्या, चहा निवायच्या आत. तुमच्या स्वतःच्या वडिलांचा असाच निघाला. पण हे सांगितलंत तर ते करून कोण देणार? म्हणून सहानुभूतीनं मान हलवा आणि सरकारवर बोला. सरकारवर बोलताना आवाज आपोआप कळवळतो.

घरातलं जमलं की रस्त्यावरचं सोपं. पूर्वी अपघात दिसला की "पोलिसांचं लफडं नको," म्हणून पुढे जाता येत होतं. ही सोय दुर्दैवानं गेली. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयानं मदत करणाऱ्याच्या बाजूनं आदेश दिला, २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आलं. आता जखमीला रुग्णालयात पोचवणाऱ्याला जबाबदार धरत नाहीत, नावगाव सांगायचीही सक्ती नाही. उलट गंभीर जखमीला पहिल्या तासात पोचवलं तर पंचवीस हजारांचं बक्षीस आहे. तेव्हा नवीन कारण शोधा. 'सीटकव्हर नवीन आहे' हे अजून चालतं.

रुग्णवाहिकेच्या बाबतीत आपल्या शहराचा लौकिक मोठा आहे. २०१५ मध्ये इथे अवयवदानासाठी पहिला ग्रीन कॉरिडॉर झाला, आणि तेव्हापासून कुणाचं हृदय, कुणाचं यकृत जायचं असलं की चौकाचौकांत वाहतूक थांबते. मरणाऱ्या माणसाच्या घरच्यांनी त्या घटकेला 'द्या' म्हणणं, याला मी तरी हसू शकत नाही. आपणही थांबतो, व्हिडिओ काढतो, ऊर भरून येतो. मात्र गल्लीत साधी रुग्णवाहिका शिरत असेल आणि तिच्यात नुसते नाना असतील, तर आडवी लावलेली गाडी काढायची गरज नाही. तुम्ही कोपऱ्यावर पोहे खाताय. जलेबी यायची आहे.

आणि अगदीच मन खाऊ लागलं, तर देवी अहिल्याबाईंचं नाव घ्यावं. त्यांनी काशीला विश्वनाथाचं देऊळ उभं केलं, घाट बांधले, देशभर विहिरी खोदल्या, धर्मशाळा आणि अन्नछत्रं घातली. आपण विमानतळाला आणि विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं. फिट्टमफाट. स्वच्छतेसाठी नावाजलेल्या याच शहरातून जानेवारी २०२१ च्या थंडीत काही बेघर म्हाताऱ्यांना महापालिकेच्या गाडीत घालून देवासच्या वाटेवर क्षिप्रेपाशी उतरवलं होतं, अंथरूण-पांघरुणासकट. तिथल्या गावकऱ्यांना स्वच्छतेतलं काही कळत नसावं. त्यांनी आरडाओरडा केला, व्हिडिओ काढला, आणि म्हाताऱ्यांना परत गाडीत बसवावं लागलं. पुढे कारवाईही झाली. १ जानेवारी २०२५ पासून तर भीक देणाऱ्यावरच गुन्हा नोंदवायचं जिल्हा प्रशासनानं ठरवलं. त्यामागे टोळ्यांचा आणि पुनर्वसनाचा विचार होता, तो खोटा नाही. पण तुमची सोय बघा. पूर्वी सिग्नलला काच वर करताना नजर चुकवावी लागे, आता कायदा पाळल्याचं समाधान मिळतं.

इतकं सगळं पाळूनही एका माणसापासून सावध राहावं लागतं. नानांच्या वरच्या खोलीत एक भाडेकरू पोरगा आहे. खरगोनकडचा, भंवरकुआँला लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचा क्लास करतो. मराठी येत नाही. समाचाराला आला नाही, कसं झालं विचारलं नाही, ग्रुपवरही नाही. त्याला नानांचं वयसुद्धा माहीत नाही! रात्री दोनला अभ्यास करत जागाच असतो म्हणून खाली येतो, काकूंना उठवत नाही, नानांना कुशीवर वळवतो, पाठीला उशी लावतो, भांडं रिकामं करतो आणि परत वर जातो. सकाळी काकू काही बोलायला लागल्या की त्याला क्लासला उशीर होत असतो. अशा मुलांमुळे गल्लीतला समाचाराचा दर्जा घसरतो.

त्यातही त्याची परीक्षा जवळ आली की धोका वाढतो. तुम्ही सहा जणांबरोबर सोफ्यावर बसलेले, बशी अर्धी झालेली, आणि तो आतून डोकावून म्हणतो, "अंकल, जरा एक तरफ से पकड़ लेंगे? चादर बदलनी है." खोलीत सगळे एकदम तुमच्याकडे बघतात. अशा वेळी कमरेत लचक भरल्याचं आठवावं आणि हळूच "आई गं" म्हणावं. डावीकडे की उजवीकडे, हे घरूनच ठरवून जा. कारण काकू चादर तशीच टाकून तुमच्यासाठी शेकायची पिशवी गरम करून आणतील, आणि ती नेमकी कुठे धरायची, हे विचारतील.