विद्यार्थ्यांचा ताण तासाभरात उतरवण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

महाविद्यालयातल्या मुलांचा ताण कमी करायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय? घाबरू नका. परवाच अशा एका कार्यशाळेचा अहवाल वाचायचा योग आला. मुलांमध्ये ताण मध्यम स्वरूपाचा आहे आणि मुलं मोकळेपणाने व्यक्त होत नाहीत, एवढंच त्यातून निघालं, तेही वीस पानांनंतर. तुम्हालाही असाच निष्कर्ष हवा असेल तर पुढचं सगळं नीट पाळा.

सुरुवात प्रश्नावलीपासून. नवीन काही बनवायच्या भानगडीत पडू नका. शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली अमेरिकेत मांडलेली ताणाची प्रश्नावली आयतीच आहे, तिची दहा प्रश्नांची आवृत्ती उचला. गेल्या महिन्याभरात अमुक किती वेळा वाटलं, उत्तर ० ते ४, बेरीज जास्तीत जास्त ४०. रात्री मशीनकडून भाषांतर, सकाळी फॉर्म ग्रुपवर. एकाने भाषांतर करावं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते उलट मूळ भाषेत न्यावं, दोन्ही शेजारी ठेवून फरक शोधावेत, मग आठ-दहा मुलांना एकेक प्रश्न मोठ्याने वाचायला लावून त्यांना काय समजलं ते विचारावं, असं जाणकार सांगतात. रिचर्ड ब्रिस्लिन यांनी उलट भाषांतराची ही वाट १९७० मध्येच घालून दिली आहे. पण त्यात तीन आठवडे जातात आणि तुमचं उद्घाटन शुक्रवारी आहे. मुलं भलत्याच प्रश्नाचं उत्तर देतील, देऊ द्या. आकडा तर येतोच ना!

आता बेरीज. दहांतले चौथा, पाचवा, सातवा आणि आठवा हे प्रश्न सुलटे आहेत. अडचणी हाताळता येतील असा विश्वास वाटला का, अशा धर्तीचे. म्हणून त्यांचे गुण उलटवायचे असतात, ० चे ४, १ चे ३. तुम्ही उलटवू नका. मग गंमत बघा. ज्याला कसलाच ताण नाही त्याला सहा प्रश्नांत शून्य आणि या चारांत पैकीच्या पैकी, म्हणजे १६. जो पार पिचून गेलाय त्याला सहा प्रश्नांत २४ आणि या चारांत शून्य, म्हणजे २४. चाळीस गुणांची पट्टी दोघांमधल्या आठ गुणांत आवळली गेली आणि अख्खं कॉलेज ‘मध्यम’ झालं. त्या अहवालात नेमकं हेच झालं होतं. सगळे आकडे विशीच्या आसपास घोळका करून बसलेले, आणि खाली त्याचं श्रेय समूहप्रधान संस्कृतीला दिलेलं! संस्कृती बिचारी बोलत नाही म्हणून तिच्यावर काहीही ढकलायचं का?

दुसऱ्या देशाच्या सरासरीशी तुलना जरूर करा. जपान आणि तैवानमधली मुलं मधल्या उत्तरावर जास्त खूण करतात आणि अमेरिकन मुलं टोकाच्या, हे १९९५ साली छापून आलंय. ते वाचू नका.

उत्तरं मानसशास्त्राच्या वर्गाकडूनच भरून घ्या, हजेरीसाठी का होईना, येतात.

कोणी डोकं दुखतं, पोट बिघडतं, झोप लागत नाही म्हणालं, तर दवाखान्याचा रस्ता दाखवा. आर्थर क्लाइनमन यांनी १९८२ साली चीनमधल्या हुनानचे १०० रुग्ण मांडले होते. थकवा, डोकेदुखी, चक्कर अशा तक्रारींवर त्यांना मज्जादौर्बल्याचं, म्हणजे नसा अशक्त झाल्याचं, निदान मिळालेलं, आणि नीट तपासल्यावर बहुतेकांना नैराश्य निघालं. पण तुमच्या फॉर्ममध्ये डोकेदुखीला चौकटच नाही, तेव्हा विषय मिटला.

ताणाशी मुलं कशी झुंजतात हे मोजायला चार्ल्स कार्व्हर यांची १९९७ ची छोटी प्रश्नावली घ्या. चौदा पद्धती, प्रत्येकीचे दोन प्रश्न, एकूण २८. स्वतः कार्व्हर सांगतात की याची एकूण बेरीज काढायची नसते. तुम्ही काढा. कृती म्हणजे चांगलं, स्वीकार म्हणजे पळपुटेपणा, अशी विभागणीही करून टाका. निकाल लागून गेलाय, तो बदलता येत नाही, अशा वेळी स्वीकार हाच शहाणपणाचा उपाय असतो. लाझारस आणि फोकमन यांनी परिस्थिती बदलण्याजोगी आहे की नाही हे आधी पाहायला १९८४ मध्येच सांगितलं होतं. असू दे.

ज्याच्या शिक्षणावर घराने सगळं पणाला लावलंय त्याला ‘नाही म्हणायला शिक’ एवढं सांगून मोकळे व्हा. आधीच्या ताणावर अपराधीपणाचा नवा ताण चढेल, पुढच्या वर्षीच्या कार्यशाळेची सोय झाली.

आता मुख्य कार्यक्रम. खुर्च्या गोल मांडा, एकेकाला बोलतं करा. दाराशी अंतर्गत गुण देणारे प्राध्यापक उभे असू द्या. उद्या ज्यांच्यासोबत एकाच टेबलावर प्रयोग करायचाय ती मुलं समोर बसवा. एखादा पेनाचं टोपण काढत-घालत ‘मी ठीक आहे, सर’ म्हणेल. त्याच्या नावापुढे लिहा, व्यक्त होत नाही.

शेली टेलर, हीजंग किम आणि सहकाऱ्यांनी २००७ साली हीच गोष्ट तपासून छापली. काही विद्यार्थ्यांना जवळच्या माणसाकडे मदत आणि सल्ला मागणारं पत्र लिहायला लावलं, काहींना आपल्या जवळच्या गटाची नुसती आठवण काढून त्याबद्दल लिहायला. मग भाषण आणि तोंडी गणित. आशियाई आणि आशियाई वंशाच्या मुलांमध्ये मदत मागणाऱ्यांचा ताण जास्त निघाला, लाळेतल्या कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकासकट. युरोपीय वंशाच्या अमेरिकन मुलांचं उलट. आपलं रडगाणं दुसऱ्यावर लादलं जाईल, नात्यात अवघडलेपण येईल, ही भीती जिथे खरी असते तिथे तोंड उघडणं हाच एक ताण असतो. मित्राच्या खोलीत जाऊन दोन तास काही न सांगता पडून राहणं, सोबत जेवणं, आईला फोन करून भलत्याच विषयावर बोलणं, हे सगळं ताणाशी झुंजणंच आहे. तुमच्या २८ प्रश्नांत ते मावत नाही म्हणून मुलगा बंदिस्त ठरत नाही.

पुरे झाला हा खेळ. ज्या मुलाने त्या गोलात तोंड उघडलं नाही त्याने डोकं शाबूत असल्याचं दाखवलं. तुम्ही त्याचं नाव यादीत टाकलंत, आणि ती यादी वर्गशिक्षकाकडे गेली. गुप्ततेचा साधा नियम पाळता येत नसेल तर मुलांच्या मनाला हात लावू नका. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ च्या निदानसंहितेत १६ प्रश्नांची एक मुलाखत दिली आहे, ती मोफत मिळते. त्रास काय आहे ते तुझ्या शब्दांत सांग. घरच्यांना, मित्रांना तो कसा सांगशील? कशामुळे होतोय असं वाटतं? आजवर कशाने बरं वाटलं? मदत घेण्याच्या आड काय येतं? एका मुलाला, दार लावून, गुण देणारं कोणी आसपास नसताना एवढं विचारता येत नाही? वेळ नाही म्हणता, मग वीस पानांचा अहवाल छापायला वेळ कुठून आला? आधी ती यादी परत घ्या आणि फाडून टाका. प्रश्नावलीचे चार प्रश्न उलटवून बेरीज पुन्हा करा, आणि ज्यांचे गुण तिशीच्या वर निघतील त्यांच्याशी याच आठवड्यात, एकेकट्याने, बोला.