एचडब्ल्यूसिमवरील आक्षेपांना उत्तर: आभासी रेडिओ काय तपासतो आणि काय नाही

आपल्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी तिचा आशय सांगतो. लिनक्स कर्नलमधील ‘मॅक८०२११_एचडब्ल्यूसिम’ या, खऱ्या कार्डाविना आभासी वायफाय रेडिओ उभे करणाऱ्या मॉड्यूलची (पुढे नुसते एचडब्ल्यूसिम) ओळख मी मागील लेखात करून दिली होती. आपले म्हणणे असे, की आपल्या यूएसबी वायफाय डोंगलचा ड्रायव्हर संगणक झोपेतून जागा झाल्यावर हमखास अडकतो, पण हा दोष एचडब्ल्यूसिमवर कधीच दिसला नाही. शिवाय ‘डब्ल्यूमीडियमडी’ (आभासी रेडिओंमधल्या हवेचे सोंग करणारा प्रोग्राम) लावून जवळजवळ निम्म्या फ्रेम (वायफायवरून जाणारे डेटाचे तुकडे) हरवण्याची तजवीज केली, तरी पिंगचे एकही पॅकेट हरवले नाही. तेव्हा हा सारा लुटुपुटूचा खेळ असून चाचणी खऱ्या कार्डावरच व्हायला हवी, असा आपला निष्कर्ष आहे.

पिंगचे आधी पाहू, कारण त्याचे उत्तर आपणच दिलेल्या आकड्यात आहे. पिंगला लागलेला वेळ आपण ०.०५ मिलिसेकंदांच्या आसपास लिहिला आहे. हवेतून गेलेल्या, किंवा हवेतून गेल्याचे सोंग केलेल्या, पॅकेटला एवढा कमी वेळ लागत नाही. दोन्ही आभासी कार्डे आपण एकाच नेटवर्क नेमस्पेसमध्ये (कर्नलमधील नेटवर्कच्या एकाच कप्प्यात) ठेवून त्यांना आयपी पत्ते दिलेले दिसतात. अशा वेळी कर्नलच्या लेखी दोन्ही पत्ते स्थानिकच असतात, त्यामुळे पॅकेट रेडिओपर्यंत न जाता लूपबॅकवरून (संगणकाच्या स्वतःशीच असलेल्या आभासी जोडणीवरून) परस्पर पोहोचते. ‘एचडब्ल्यूसिम०’ हा निरीक्षणासाठी ठेवलेला इंटरफेस चालू करून त्यावर टीसीपीडंप (ये-जा करणारी पॅकेटे दाखवणारे साधन) लावल्यास बीकन (नेटवर्कची ओळख सांगणाऱ्या, ठरावीक अंतराने येणाऱ्या फ्रेम) सतत दिसत राहतील, पिंग मात्र दिसणार नाही. ‘आयडब्ल्यू’ आज्ञेने एक फाय (कर्नलच्या लेखी एक वायफाय रेडिओ) दुसऱ्या नेमस्पेसमध्ये हलवा, म्हणजे चित्र पालटेल. तरीही पिंगची पॅकेटे सर्रास हरवतील अशी अपेक्षा ठेवू नका. एका ठरावीक पत्त्यावर जाणाऱ्या फ्रेमची पोच आली नाही तर ती पुन्हा पाठवली जाते, म्हणून वाढतो तो मुख्यतः वेळ. खरी गळती पाहायची असेल तर अ‍ॅक्सेस पॉइंटने सोडलेल्या ब्रॉडकास्ट फ्रेम मोजाव्यात, कारण त्यांना पोचही नसते आणि पुनःप्रेषणही नसते.

आता मुख्य मुद्दा. एचडब्ल्यूसिम जौनी मालिनेन यांनी लिहिले आणि २००८ मध्ये ते कर्नलच्या २.६.२७ या आवृत्तीत आले. मॅक८०२११ हा कर्नलमधील वायफायचा सामायिक थर ज्या जागी एरवी एटीएच९के किंवा एमटी७६ यांसारखा ड्रायव्हर बसतो, त्या जागी हे मॉड्यूल स्वतः बसते. त्याचे प्रेषणाचे काम पाहिले तर ते फारच साधे आहे: फ्रेम आली की ते आपल्या बाकीच्या सगळ्या रेडिओंची यादी चाळते, जो रेडिओ चालू आहे आणि त्याच चॅनेलवर आहे त्याला फ्रेमची प्रत देते, प्राप्त संकेताची पातळी काही न मोजता ठरावीक हिशेबाने लिहिते आणि पत्ता जुळणारा रेडिओ सापडला तर ‘पोच मिळाली’ असे वर कळवते. खऱ्या कार्डात हीच पोच ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यात १६ मायक्रोसेकंदांनंतर हवेतून यावी लागते. येथे ती म्हणजे केवळ एक हो किंवा नाही आहे.

म्हणून आपल्या डोंगलचा दोष येथे दिसणे शक्यच नव्हते, हे आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. डीएमए, इंटरप्ट, फर्मवेअर (कार्डातच चालणारा प्रोग्राम), कॅलिब्रेशन या हार्डवेअरशी निगडित बाबींतले काहीही एचडब्ल्यूसिममध्ये नाही. रास्पबेरी पायवरील बीआरसीएमएफमॅकसारखे ड्रायव्हर तर मॅक८०२११ वापरतच नाहीत, त्यांचे बरेचसे काम फर्मवेअरमध्येच होते. परंतु यावरून हार्डवेअरचे सॉफ्टवेअरमधील सोंगच निरुपयोगी ठरवणे म्हणजे वड्याचे तेल वांग्यावर काढणे होय. यूएसबी ड्रायव्हरच्या स्वतःच्या ओळी तपासायच्या असतील तर सोंग एक पायरी खाली, यूएसबीच्या पातळीवर घ्यावे लागते. ‘डमी_एचसीडी’ हा आभासी यूएसबी नियंत्रक आणि २०२० मध्ये कर्नलमध्ये आलेला ‘रॉ गॅजेट’ यांच्या साहाय्याने, डोंगल समोर नसताना, ड्रायव्हरला वेडीवाकडी उत्तरे देणारे उपकरण उभे करता येते. सिझकॉलर या फझरने (मुद्दाम बिघडवलेला डेटा देऊन दोष शोधणाऱ्या साधनाने) याच मार्गाने एटीएच९के_एचटीसीसारख्या यूएसबी वायफाय ड्रायव्हरांतील दोष उघड केले आहेत.

जेथे मी आपल्याशी असहमत आहे ते ‘चाचणी खऱ्या कार्डावरच’ यातील ‘च’बद्दल. खरे कार्ड सांगितलेले सगळे ऐकत नाही. रडारचे उदाहरण घ्या. ५ गिगाहर्ट्झमधील काही चॅनेलांवर अ‍ॅक्सेस पॉइंटने सुरू होण्यापूर्वी ६० सेकंद रडारचा कानोसा घ्यावा लागतो, युरोपात हवामान रडारच्या पट्ट्यात तर १० मिनिटे, आणि रडार आढळले की चॅनेल सोडावे लागते. ही वाट खऱ्या कार्डावर तपासायची तर रडारसारखे स्पंद निर्माण करणारे उपकरण हवे. एचडब्ल्यूसिममध्ये डीबगएफएस या, कर्नलच्या तपासणीसाठीच्या फाइल-व्यवस्थेतील एका फाइलमध्ये लिहिले की रडार ‘दिसते’. राहिला प्रश्न ६० सेकंदांचा. यूझर मोड लिनक्समध्ये (साध्या प्रोग्रामसारख्या चालणाऱ्या लिनक्स कर्नलमध्ये) २०१९ पासून ‘काळप्रवास’ नावाची सोय आहे: सगळे निवांत असतील तेव्हा घड्याळ थेट पुढच्या घटनेवर उडी मारते, त्यामुळे प्रतीक्षेचा तो मिनिट क्षणात सरतो. होस्टएपीडी (अ‍ॅक्सेस पॉइंट चालवणारा प्रोग्राम) आणि डब्ल्यूपीए_सप्लिकंट (वायफायला जोडून देणारा प्रोग्राम) यांचा प्रचंड चाचणीसंच एचडब्ल्यूसिमवर चालतो, त्यामागे हा आज्ञाधारकपणाच आहे.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये लिनक्सच्या वायफाय थरांतील पाच दोष जाहीर झाले. ते डार्मस्टाट येथील तांत्रिक विद्यापीठातील सोन्के हुस्टर यांनी फझिंग करून शोधले होते. त्यांतील काही तर नुसते नेटवर्क शोधत असताना, कोठेही न जोडता, बिघडवलेल्या बीकनमुळे उद्भवत, आणि २०१९ मधील आवृत्त्यांपासून ते कर्नलमध्ये होते. एवढी वर्षे जगभरची खरी कार्डे रोजच्या वापरात होती, पण घरचा राउटर मुद्दाम चुकीच्या लांबीचे बीकन पाठवत नाही; आभासी रेडिओला मात्र ते हवे तसे देता येते.

वेगाच्या बाबतीत मात्र एचडब्ल्यूसिमचे आकडे मी स्वतःही ग्राह्य धरत नाही. तेथे लहरी नाहीत, फक्त बाइट आहेत. डब्ल्यूमीडियमडी लावल्यावर तर प्रत्येक फ्रेम कर्नलमधून बाहेर जाऊन परत येते, तेव्हा मोजला जातो तो बराचसा आपल्या प्रोसेसरचा वेग.

शेवटी आपल्या डोंगलविषयी. मॅक८०२११ प्रत्येक फायसाठी डीबगएफएसमध्ये ‘रीसेट’ नावाची फाइल ठेवते (कर्नल बांधताना डीबगएफएसचा आणि पॉवर मॅनेजमेंटचा पर्याय घेतलेला असावा). तीत काहीही लिहिले की संगणक न झोपवता झोपण्या-उठण्याचा मॅक८०२११मधील मार्ग चालतो, म्हणजे ड्रायव्हरला पुन्हा सुरू करून इंटरफेस, चॅनेल आणि जोडणी पूर्ववत करायला सांगितले जाते. हा प्रयोग आधी एचडब्ल्यूसिमवर करा आणि मग डोंगलवर. पहिल्यावरही जोडणी अडकली तर दोष बहुधा वरच्या थरात आहे. एचडब्ल्यूसिम सावरले आणि डोंगल अडकला, तर ड्रायव्हरमधील पुन्हा सुरू होण्याचा भाग पाहावा. दोन्ही सावरले आणि डोंगल केवळ खऱ्या झोपेनंतरच अडकत असेल, तर यूएसबीची वीज जाऊन आल्यावर फर्मवेअर पुन्हा चढते की नाही तेथून शोध सुरू करावा. ‘रीसेट’ फाइल वीज तोडत नाही. तिन्ही वेळच्या कर्नल नोंदी येथे दिल्यात तर पुढे पाहता येईल.