चेसिस नंबर लपवला म्हणून गाडी वाचत नाही

गोव्यातल्या जुन्या गाड्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘जुन्या गाडीचा चेसिस नंबर कुणालाही देऊ नका. त्यावरून नाव-पत्ता काढतात, डुप्लिकेट चावी करतात आणि गाडी परस्पर दुसऱ्याच्या नावावर चढवतात.’ चेसिस नंबर म्हणजे कंपनीने गाडीच्या सांगाड्यावर किंवा धातूच्या पट्टीवर कोरलेला ओळख क्रमांक. पाठवणाऱ्यांची काळजी खरी आहे. पण या मेसेजने फायदा होतोय तो फसवणाऱ्यांचा.

आधी नाव-पत्त्याचं बघू. आपल्याकडे गाडीची माहिती शोधतात ती नंबरप्लेटवरून. एमपरिवहन या सरकारी अॅपवर प्लेटचा नंबर टाकला की गाडीचं मॉडेल, नोंदणीची तारीख, विम्याची मुदत दिसते. मालकाच्या नावातली अक्षरं झाकलेली असतात. आणि प्लेट तर आपण म्हापशाच्या बाजारातून रोज मिरवतो.

जुन्या फियाटची, अॅम्बेसेडरची कुलपं साधी. चावीवाला कानशीने घासून चावी करतो, त्याला चेसिस नंबर लागत नाही.

गाडी नावावर करायला फॉर्म 29 आणि 30 वर मालकाची सही लागते, आरसी लागते, विमा लागतो. खोट्या सह्या होतात, नाही असं नाही. पण त्यासाठी कामाला येतो तो तुमच्या आरसीचा आणि आधारचा स्वच्छ फोटो, आणि नेमका तोच लोक बिनदिक्कत कुणालाही पाठवतात.

एक धोका मात्र खरा आहे, आणि मेसेजमध्ये तो नाही. ‘वाहन’ या सरकारी पोर्टलवर बऱ्याच कामांना गाडीच्या नंबरासोबत चेसिसचे शेवटचे पाच अंक मागतात. त्यामुळे जाहिरातीत प्लेट आणि चेसिसची पट्टी दोन्ही उघडी ठेवू नयेत. झाकायचे ते शेवटचे अंक; बरेच जण पहिले झाकतात. सतरा अक्षरी नंबर 1981 पासून आधी अमेरिकेत आणि मग इतरत्र रूढ झाला, त्याआधी प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी आणि नंबर बहुधा आखूड. मग पाच अंक झाकल्यावर फारसं काही उरत नाही. नाही उरलं तरी चालेल.

पण घेणाऱ्यापासून नंबर लपवणं वेगळं. गेल्या वर्षी मी मडगावला एक मॉरिस मायनर बघायला गेलो. विकणाऱ्याने हाच मेसेज पुढे करून फोनवर नंबर द्यायचं टाळलं होतं. तिथे बॉनेट उघडलं, रॉकेलच्या बोळ्याने पट्टी पुसली, वर पातळ कागद धरून पेन्सिल फिरवली. उमटलेल्या नंबरात आणि आरसी बुकातल्या नंबरात दोन अंकांचा फरक. भोवतालचा पत्रा गंजलेला आणि पट्टीचे रिव्हेट कोरे! भंगारातल्या गाडीची पट्टी आणि कागद चोरीच्या गाडीला लावायचे, हा जुना धंदा आहे. नंबर कुणी ताडून बघत नाही तोवर तो चालतो. मी तसाच परत आलो. पेट्रोल आणि अर्धा दिवस गेला. पट्टीवरचा आणि बुकातला असे दोन्ही नंबर आधी मिळाले असते तर बुकाचा फोटो न मागताही फोनवरच ताडून झालं असतं.

आमच्या घरच्या फियाटची पट्टी खाऱ्या वाऱ्याने दरवर्षी थोडी पुसट होते. पावसाळ्याआधी मी तिचा पेन्सिलने ठसा घेतो, खाली तारीख घालतो. एक प्रत घरी, एक भावाकडे. उद्या कुणी गाडी घ्यायला दारात आलं तर तो ठसा त्याच्या हातात देईन. आरसीचा फोटो मात्र फोनवर पाठवणार नाही.