चिंचेच्या पाण्यात बुडालेला डोंगर

न्यू जर्सीहून मामाचा परवा फोटो आला. खाली एकच ओळ: "बघ, कसं लखलखतंय!" फोटोत गुलाबीसर तांबड्या रंगाची एक खडबडीत चकती होती. महिन्यापूर्वी हेच नाणं गडद हिरवं, तुकतुकीत होतं. रोमन सम्राट अलेक्झांडर सेव्हेरसच्या काळात (इ.स. २२२ ते २३५) कॅपाडोशिया प्रांतातल्या सीझेरिया शहराने पाडलेलं ब्राँझचं नाणं. मागच्या बाजूला वेदीवर ठेवलेला अर्गायस पर्वत. तुर्कस्तानातल्या आजच्या कायसेरीजवळचा एर्जियेस ज्वालामुखी तो हाच. तिथल्या लोकांना हा डोंगर म्हणजे देव. मामाला म्हणूनच ते नाणं आवडायचं, डोंगराला हात जोडणारी माणसं आपल्याला परकी थोडीच आहेत! आता त्या वेदीवर एक टेंगूळ उरलं आहे.

हे सगळं "जुनं रोमन नाणं ओळखा, करोडपती व्हा" या फॉरवर्डमुळे. मलाही तो तिघांनी पाठवलाय, त्यातला एक इंजिनिअर आहे. तेव्हा एकदाच उत्तर लिहिते.

फॉरवर्ड म्हणतो, "हिरवा थर म्हणजे घाण. नाणं चिंचेच्या कोळात किंवा लिंबू-मिठात रात्रभर ठेवा, अस्सल असेल तर चमकेल." अहो, तांबं आहे, चमकणारच! गेल्या आठवड्यात ओतलेलं नकली नाणंही चमकेल. यात परीक्षा कसली?

तांब्याची घागर चिंचेने घासतात ते ठीक आहे. घागरीखाली धातू शाबूत असतो आणि तिच्यावर सम्राटाचं नाक कोरलेलं नसतं. अठराशे वर्षं मातीत राहिलेल्या नाण्याचं तसं नाही. वरच्या धातूचं हळूहळू तांब्याच्या संयुगांत रूपांतर झालेलं असतं: आत लालसर थर, त्यावर हिरवा. डोळे, केस, अक्षरांच्या कडा, डोंगरावरच्या रेघा हे बारकावे पुष्कळदा या थरांतच टिकलेले असतात. आम्ल आधी तेच खातं. म्हणजे घाण काढायला गेलात आणि चित्रच काढून टाकलंत. खाली उरतो तो खड्ड्याखड्ड्यांचा उघडा धातू. वर मीठही चोळलं असेल तर क्लोराइडची भर पडते आणि पुढच्या दुखण्याची सोय होते.

ते दुखणं फॉरवर्डच्या पुढच्याच मुद्द्यात आहे. "हिरवी भुकटी हाताला लागली तर नाणं अतिप्राचीन, भाव दुप्पट." वाचून मी कपाळावर हात मारला. पिस्त्यासारखी फिकट, पिठासारखी सुटणारी भुकटी म्हणजे ब्राँझचा रोग. आतलं क्लोराइड दमट हवेत जागं होतं, त्यातून आम्ल तयार होतं, ते आणखी धातू खातं आणि चक्र चालू राहतं. असं नाणं बाकीच्यांपासून वेगळं आणि कोरडं ठेवायचं, जाणकार संवर्धकाला दाखवायचं. घट्ट, गुळगुळीत हिरवा थर निरोगी. सुटणारी भुकटी आजारी. एवढा फरक कळला तरी निम्मी नाणी वाचतील. नुसती माती असेल तर ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवायचं, पाणी बदलत राहायचं, लाकडी दातकोरणीने भिंगाखाली हळूहळू काढायचं. आठवडे लागतात. लागू देत.

पुढचा मुद्दा इतका विनोदी आहे की राग येत नाही. "रोमन लोक लॅटिन लिहायचे. नाण्यावर रशियनसारखी अक्षरं, मध्येच इंग्रजी सी दिसला, तर माल चायनीज." साम्राज्याच्या पूर्व भागाचा व्यवहार ग्रीक भाषेत चाले, म्हणून तिथल्या शहरांची नाणीही बहुतेक ग्रीकमध्ये. ऑगस्टसला तिथे 'सेबास्तोस' म्हणत. तो 'इंग्रजी सी' म्हणजे ग्रीक सिग्मा, त्या काळी तो चंद्रकोरीसारखा लिहीत. मामाच्या नाण्यावर त्यानेच सम्राटाचं 'सेव्हेरस' हे नाव सुरू होत होतं. पेशवाईत पुण्याला पाडलेल्या अंकुशी रुपयावर फारसी अक्षरं आणि दिल्लीच्या बादशहाचं नाव असे. मग तोही दिल्लीचा म्हणायचा का? लॅटिन नाणीही होती, पण ती मुख्यतः करिंथसारख्या रोमन वसाहतींची. आणि ग्रीक बोलणाऱ्या अँटिऑक शहराच्या ब्राँझवर माळेच्या आत 'एस सी' ही लॅटिन अक्षरं दिसतात. फॉरवर्डवाल्याच्या मते ती "सीझर कॉइन"ची आद्याक्षरं! सिनेटच्या ठरावाशी त्यांचा संबंध लावतात, आणि अँटिऑकमध्ये नेमका काय, यावर अभ्यासक अजून भांडतात.

"मधोमध खड्डा म्हणजे मशीनची खूण." नाही. मार्कियानोपोलिससारख्या बाल्कनमधल्या शहरांच्या नाण्यांवर दोन्ही बाजूंना असे खड्डे सर्रास असतात, ते छाप मारण्याआधी कोरी चकती तयार करतानाचे मानले जातात. चेहऱ्यावर मागाहून मारलेला छोटा ठसा हाही दोष नव्हे.

एक मुद्दा मात्र, नाइलाजाने, मान्य. "कडेला जोडाची रेघ आहे का पाहा." हे बरोबर आहे. साच्यात ओतलेल्या नकली नाण्याला अशी रेघ राहते, पृष्ठभागावर बुडबुड्यांचे बारीक खळगे दिसतात. अर्थात कड घासून रेघ लपवणारेही आहेत. "वजन जुळत नसेल तर नकली" हा मुद्दा मात्र अर्धाच खरा: एकाच प्रकारच्या दोन अस्सल ब्राँझ नाण्यांत ग्रॅम-दोन ग्रॅमचा फरक सहज निघतो.

मग खात्री कशी करायची? 'रोमन प्रोव्हिन्शियल कॉइनेज' नावाचा मोठा सूचीप्रकल्प आहे. पहिला खंड १९९२ मध्ये आला आणि आता सूची इंटरनेटवर फुकट पाहता येते. शहर, सम्राट, मागचं चित्र टाका, जगभरच्या संग्रहांतले नमुने समोर येतात. अलेक्झांडर सेव्हेरस सहाव्या खंडात आहे. मामाने चिंच भिजवायला जेवढा वेळ घेतला, तेवढ्यात हे झालं असतं.

आता "एक कोटी"चं आमिष. फॉरवर्डमधला फोटो सीझरला मारणाऱ्या ब्रूटसच्या, त्या खुनाच्या दिवसाचं नाव मिरवणाऱ्या 'आयडीज ऑफ मार्च' नाण्याचा आहे. ते नाणं सोन्याचं. २०२० साली लंडनच्या लिलावात सुमारे २७ लाख पौंडांना गेलं, पुढे त्याच्या मालकीचा इतिहास खोटा निघाला आणि २०२३ मध्ये ते ग्रीसला परत करावं लागलं. करोडपती व्हायला काय नमुना निवडलाय! प्रांतांतल्या शहरांचं झिजलेलं ब्राँझ नाणं वीस-तीस डॉलरला मिळतं. मामाने हे पंचेचाळीसला घेतलं होतं, पावतीसकट. तुर्कस्तानात फिरायला जाऊन अवशेषांपाशी कुणाकडून घ्याल, तर बहुधा नकली मिळेल. आणि अस्सल मिळालं तर विमानतळावर पकडले जाल, कारण तिथल्या १९८३ च्या कायद्याने ते देशाबाहेर नेता येत नाही.

"गावाकडे सापडलेलं हिरवं नाणंही रोमन असू शकतं" हे तर आपल्याला भुलवायलाच घातलंय. भारतात सापडलेली रोमन नाणी प्रामुख्याने सोन्या-चांदीची, आणि छोटी ब्राँझची सापडली ती जास्त करून तमिळनाडूत, तीही उत्तरकालीन. महाराष्ट्रात शेतात निघालेलं हिरवं तांबं शिवराई असण्याचीच शक्यता जास्त. काहीही असो, १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं.

हे सगळं मामाला फोनवर सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पुन्हा हिरवं करता येईल का गं?" रसायनं लावून करतात, पण डोंगर परत येत नाही, हे सांगायचं माझ्या जिवावर आलं. बाकीची तीन नाणी अजून जशीच्या तशी आहेत. मागून मामीचा आवाज आला, "चिंच संपली म्हणून वाचली ती!"