माझा न घेतलेला ट्रॅक्टर

महाराष्ट्रात एका ठरावीक वयाच्या माणसाला जन्मतारीख विचारली की तो १ जून म्हणतो, आणि समोरच्याला त्याचं नवल वाटत नाही, कारण त्याचीही तीच असते. शाळा जूनमध्ये उघडायची, पोराला सहा वर्षं पुरी झालेली हवीत, आणि आई सांगायची, "पोळ्याच्या सुमाराला झाला बघा, विहीर खणली त्या साली." एवढ्या पुराव्यावर गुरुजी तरी काय लिहिणार? त्यात माझं नाव संजय, आडनाव पाटील आणि मधलं अक्षर डी. या तिन्हींमुळे मी आजवर परक्यांच्या बारशांची आमंत्रणं घेतली, वाचनालयात दुसऱ्या पाटलाचा दंड भरला, तक्रार केली नाही. पण ट्रॅक्टर अंगावर येईल असं वाटलं नव्हतं.

झालं असं, की घरदुरुस्तीसाठी कर्ज काढायला बँकेत गेलो. साहेब स्क्रीनवर माझ्या कर्जफेडीचा अहवाल बघत खासगी आवाजात म्हणाले, "सर, तुमचं सिबिल खराब आहे." खासगी म्हणजे पासबुक भरायच्या रांगेतल्या शेवटच्या आजींनी वळून पाहिलं, इतपत.

"ट्रॅक्टरचे हप्ते थकलेत."

"कुणाच्या?"

"तुमच्याच की, सर."

मी कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही. पार्किंगमध्ये माझी स्कूटर पांढऱ्या रेषेबाहेर वीतभर आली तरी सेक्रेटरी ग्रुपवर फोटो टाकतात. ट्रॅक्टर असता तर त्यांनी विशेष सभाच बोलावली असती. हे सगळं मी साहेबांना सांगितलं. स्क्रीन दाखवा म्हटलं, तर त्यांनी ती आणखी स्वतःकडे वळवली. "कॉन्फिडेन्शियल असतं, सर." माझी माहिती माझ्यापासून इतक्या निष्ठेने जपणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. कर्ज मागणाऱ्याला बँकेने पाहिलेल्या अहवालाची प्रत मागता येते, असं क्रेडिट इन्फर्मेशन कंपनीज (रेग्युलेशन) ॲक्ट, २००५ च्या कलम २१ मध्येच लिहिलंय. फार तर ठरलेलं शुल्क घ्या, पण द्या. पण हे ज्ञान मला घरी आल्यावर झालं. कायद्याचं ज्ञान बहुतेकांना जिना चढतानाच होतं.

घरी बायकोने फक्त विचारलं, "अहो, ठेवलाय कुठे?" सासऱ्यांचं मात्र वेगळंच. पंचवीस वर्षं मला नुसता नोकरदार समजणारे ते गृहस्थ फोनवर प्रथमच आदराने बोलले. "जावईबापू, किती एचपीचा?"

आता सिबिल. वनस्पती तुपाला जसं सरसकट डालडा म्हणतात तसं आपण सगळ्यालाच सिबिल म्हणतो. वास्तविक कुणी कर्ज कसं फेडलं याचे अहवाल ठेवणाऱ्या, रिझर्व्ह बँकेची नोंदणी असलेल्या चार कंपन्या आहेत, सिबिल त्यातली एक, आणि २०१७ पासून त्यातली प्रत्येक वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल फुकट द्यायला बांधील आहे. फुकटचं बटण मात्र वेबसाइटवर शोधावं लागतं. पैसे घेणारी बटणं आपणहून भेटायला येतात. मी एका कंपनीचा अहवाल काढला (कुठल्या ते सोडा). स्कोर ३०० ते ९०० मध्ये असतो, साडेसातशेच्या वर गेला की बँका चहा विचारतात. माझा साधं पाणी विचारण्याच्याही खाली होता. खाली महिन्यागणिक रकाने, प्रत्येकात हप्ता किती दिवस थकला तो आकडा. माझ्या क्रेडिट कार्डापुढे ओळीने शून्यं, आणि त्याखाली मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या पत्त्यावर, संजय डी. पाटील, १ जून, ट्रॅक्टर. माझा डी दत्तात्रयातला. त्याचा बहुधा ज्ञानदेवातला किंवा धोंडिबातला. कॉम्प्युटरला इतक्या खोलात शिरायची गरज वाटली नसावी.

चुकीवर तक्रार करणं फुकट आणि सोपं आहे. ऑनलाइन फॉर्ममध्ये 'हे खातं माझं नाही' असा पर्यायच दिलेला असतो. म्हणजे ही वेळ आलेला मी पहिलाच नव्हतो. तो निवडला, कागद जोडले, खात्यावर 'वादग्रस्त' असा शेरा पडला. गंमत पुढे आहे. कायद्याने ३० दिवसांत दुरुस्ती व्हायला हवी, पण अहवालवाली कंपनी स्वतःच्या मनाने एक कानामात्राही बदलू शकत नाही. कर्ज देणाऱ्याने 'हो, चूक आहे' असं प्रमाणित केल्यावरच ती हात लावते. थोडक्यात, चुकणाऱ्यालाच विचारायचं, बाबा रे, चुकलास का? म्हणून मी त्या फायनान्स कंपनीलाही फोन लावला.

"सर, लोन अकाउंट नंबर सांगा."

"लोन माझं नाहीच. तीच तर तक्रार आहे."

"समजलं, सर. नंबर सांगा. नंबरशिवाय तक्रार होत नाही."

अहवालातून नंबर वाचून दाखवला.

"धन्यवाद, संजयजी. आपले हप्ते ड्यू दिसतायत. आज किती भरताय?"

या संवादानंतर मी रिझर्व्ह बँकेची परिपत्रकं वाचू लागलो. माणूस एरवी ती वाचत नाही. ऑक्टोबर २०२३ मधल्या एकात खजिना सापडला: तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई! एप्रिल २०२४ पासून लागू. कर्ज देणाऱ्याने २१ दिवसांत दुरुस्त माहिती पाठवली नाही तर त्याने द्यायची. त्याने वेळेत पाठवूनही पुढे अडली तर अहवालवालीने. तेही सुट्टीचे दिवस धरून. तेवढ्यानेही नाही भागलं, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे, त्याच्याकडे सप्टेंबर २०२२ पासून या अहवालवाल्या कंपन्यांविरुद्धही जाता येतं, फी नाही.

हे वाचलं आणि माझा संताप कुठल्या कुठे गेला. दिवसाला शंभर, महिन्याला तीन हजार, बसल्या जागी! कुठली बँक ठेवीवर हे देते? बाथरूमच्या फरशा दिवाळीपर्यंत थांबू शकतात, असं मी बायकोला समजावलं. रोज सकाळी मेल उघडायचो आणि उत्तर नाही हे पाहून खूश व्हायचो. अधूनमधून त्या दुसऱ्या पाटलाचा विचार यायचा. मराठवाड्यात पाऊस झाला का, हे मी बातम्यांत मन लावून बघू लागलो. पाऊस झाला की त्याचं पीक, पिकावर त्याचा हप्ता, आणि हप्त्यावर माझा स्कोर. पुण्यात कोरडं असताना बीड-लातूरच्या ढगांवर जीव टांगून बसलेला कोथरूडमधला मी एकटाच असेन.

आणि मग, मुदत संपायला अगदी थोडं उरलं असताना, त्यांनी दगा दिला. 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' ट्रॅक्टर गेला, स्कोर टुणकन वर आला, भरपाई शून्य. जी कंपनी फोनवर माझं एक वाक्य ऐकून घेत नव्हती, तिला तारखा मात्र चोख पाळता येत होत्या. सासऱ्यांना कळवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "विकलात का? सांगायचं तरी होतं."

पण कंपन्या चार आहेत. उरलेल्या तिघींचेही फुकटचे अहवाल मागवले. दोन स्वच्छ निघाले. तिसऱ्यात मात्र तो अजून उभा आहे, थकबाकीसकट. तक्रार कालच टाकली, कॅलेंडरवर मुदतीच्या तारखेला लाल गोल केला आहे, आणि या वेळी कुणालाही फोन करून आठवण देणार नाही.